चेअरमनसाहेबांचा समुद्र

आमच्या क्वार्टरला नळ होता, आणि नळ असल्याचा माज होता. साखर कारखान्याच्या कॉलनीतल्या शेवटच्या ओळीत दोन खोल्या, वर पत्रे, पुढं हातभर ओटा आणि ओट्याच्या कोपऱ्यात तो पितळी नळ. सकाळी भोंगा झाला की त्यातून आधी नुसती हवा खोकत यायची, मग तांबूस पाणी, मग जरा बरं पाणी, असं सगळं मिळून अर्धा तास. कॉलनीच्या भिंतीपलीकडं वस्ती होती. दोन पावसाळे कोरडे गेलेले, तिथल्या विहिरींचा तळ दिसत होता आणि सरकारी टँकर चार-चार दिवस फिरकत नव्हता. माझी माय भरलेली घागर ओट्याच्या कडेला ठेवायची, भिंतीपलीकडून दिसेल अशी. मुद्दाम ठेवते हे तिनं मरेपर्यंत कबूल केलं नाही. दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या लहानपणी, नेकनूरकडच्या त्यांच्या गावात आमच्या लोकांना विहिरीवर चढू देत नसत. कुणीतरी वरून ओतणार आणि खाली ओंजळ धरायची. त्यामुळं मायच्या त्या घागरीला मी अजूनही पुरती नावं ठेवू शकत नाही.

घागर भरली की तुरटी फिरवायची, हे काम माझं. फळीवर मुठीएवढा खडा असायचा. तो हातात धरून पाण्यात सात वेढे द्यायचे, मग तासभर घागरीला धक्का लावायचा नाही. धक्का लागला तर माय पाठीत धपाटा घालायची, कारण खाली बसलेला गाळ पुन्हा वर यायचा. संध्याकाळी हुलग्याचं शेंगोळं शिजायचं ते त्याच निवळलेल्या पाण्यात, आणि शेंगोळ्याचा वास सुटला की दादा कारखान्यातून येऊन ओट्यावर पाय धुवायचे, तांब्याभरच पाण्यात, दोन्ही पाय एकदम. गढूळ पाणी दिसलं की तुरटी, हे मला अक्षर ओळखायच्या आधीपासून ठाऊक होतं. वस्तीतही तसंच, बंगल्यातही तसंच. आमच्या भागात त्या वर्षी ज्याच्या घरी पाणी होतं, त्याच्या घरी तुरटी होतीच.

दादा कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते, पण हंगामी. हंगाम संपला की क्वार्टर सोडायचा कागद यायचा आणि दादा दोन्ही हात पोटावर बांधून ऑफिसात उभे राहायचे, मग तो कागद पुढं ढकलला जायचा. दादा कायम झाले की कागद यायचा थांबेल, नळ आपलाच राहील. आमच्या घरात दुसऱ्या कुठल्या गोष्टीवर एवढं बोलणं झाल्याचं मला आठवत नाही. माय भाकरी थापतानासुद्धा विचारायची, "आज काय म्हणले का सायब?" आणि दादा म्हणायचे, "बघू म्हणले." बघू हा शब्द मला तेव्हापासून आवडत नाही.

गेस्ट हाऊसच्या झाडलोटीला सोजरबाई यायची. शिरूर कासारकडची. नवरा दसरा होताच मुकादमाबरोबर कर्नाटकात ऊस तोडायला गेलेला, ही दोन पोरं घेऊन वस्तीतल्या खोपटात मागं राहिलेली. मागं राहिली ती एका कारणानं. गेस्ट हाऊसच्या नळावरून रोज दोन घागरी न्यायची तिला मुभा होती. त्या पुरल्या नाहीत की ती आमच्या ओट्याशी यायची. पूर्वी हीच बाई आमच्या घरचा चहा 'आत्ताच झाला' म्हणून टाळायची, आणि माय ते विसरली नव्हती. माय तिला पाणी द्यायची, पण टोमण्याशिवाय एक घागर दिली नाही. "का गं सोजर, आमच्या नळाचं चालतं का आता?" सोजरबाई हसायची. "चालतंय की वैनी. तुमी द्या तर खरं." तिला चिडवता येत नाही म्हणून माय आणखी चिडायची.

त्या दिवाळीच्या तोंडावर चेअरमनसाहेबांच्या मनात समुद्र आला. म्हणजे त्यांच्या मुलाच्या, धाकट्या साहेबांच्या. ते मुंबईला शिकत होते, तिथं कुणा मित्राच्या घरी त्यांनी खाऱ्या पाण्याची टाकी बघितली. रंगीत मासे, पोवळी, हलणारी समुद्रफुलं. तसंच आपल्या गेस्ट हाऊसच्या हॉलमध्ये पाहिजे. दोन खाटा शेजारी लावाव्यात एवढी काचेची टाकी ट्रकमधून आली. दादांना बोलावणं गेलं. "केमिस्ट ना तुम्ही? मग पाण्याचं तुम्हीच बघा." दादांनी समुद्र पाहिलेला नव्हता. त्यांनी धाकट्या साहेबांचं इंग्रजी पुस्तक घरी आणलं आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन आठ दिवस वाचलं. मला ओळी वाचून दाखवायचे आणि मराठीत सांगायचे, अगदी खूष होते ते त्या आठ दिवसांत.

समुद्राचं पाणी आणलं दुधाच्या टँकरनं. तालुक्याचा दूध संघही चेअरमनसाहेबांच्याच हातात होता, आणि जनावरं छावणीत गेल्यामुळं संघाचे टँकर उभेच होते. एक बादली पाणी आत फिरवून टँकर धुतला आणि कोकणात पाठवला. तो परत आला तेव्हा मी कॉलनीच्या भिंतीवर बसले होते. कारखान्याच्या फाटकाशी टँकर थांबला आणि खालच्या तोटीतून थेंब गळताना वस्तीतल्या कुणा पोरानं पाहिलं. मग बायका पळत सुटल्या, घागरी, कळशा, डबे, जे हाताला लागलं ते घेऊन. ड्रायव्हर खाली उतरला. तो सांगू शकला असता. त्यानं तोटी उघडली आणि बाजूला उभं राहून विडी पेटवली. बायका एकमेकींना ढकलत होत्या, एकीचा पदर दुसरीच्या पायाखाली. सोजरबाईच्या धाकट्या पोरानं ओंजळ लावून घटाघटा प्यायला सुरुवात केली आणि मग तिथंच ओकलं. बायकांनी चाखून पाहिलं, थुंकल्या, एकीनं घागर आपटली. ड्रायव्हर हसत होता, आणि भिंतीवर बसलेली आम्ही कॉलनीतली पोरंही हसत होतो. मी सगळ्यात मोठ्यानं. हे लिहायचं नाही असं मी बरेचदा ठरवलं होतं.

वाळूची पोती आली. पुस्तकात लिहिलं होतं की वाळू आधी धुवायची, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धूत राहायचं. दादांनी आठ-दहा पिंपं पाणी मागितलं. चेअरमनसाहेब म्हणाले, "वाळू धुवायला पाणी? तहसीलदार बघून गेला तर पेपरात येईल." दोन पिंपं मिळाली. त्यात वाळू दोनदा खळबळून काढली, आणि ते धुतलेलं पाणी सोजरबाईनं भांडी घासायला नेलं. टाकी भरली तेव्हा पाणी पांढरट झालं, पण ते दोन दिवसांत खाली बसलं. धाकट्या साहेबांना धीर नव्हता. त्यांनी लगेच मासे आणि दगड आणवले. त्या दगडांना ते 'जिवंत दगड' म्हणत, कारण त्यांच्यावर नाना तऱ्हेचे बारीक जीव होते. "दगूड कवा जित्ता असतो का सायब?" म्हणून सोजरबाई तोंडाला पदर लावून हसली. मासे सोडल्यावर तिसऱ्या दिवशी पाणी पुन्हा बिघडलं, आणि ह्या वेळी असं की पलीकडची काच दिसेना. सोजरबाईनं वाकून पाहिलं. "ह्यात मासे हायती का ताक हाय?"

दादांनी टाकीतलं पाणी एका काचेच्या बरणीत घेतलं आणि घरी आणून फळीवर ठेवलं. "धूळ असंल तर सकाळपर्यंत खाली बसंल," ते मला म्हणाले. "न्हाई बसली तर ती धूळ न्हाई, जिवाणू हायेत." सकाळी बरणी होती तशीच पांढरी. दादांनी तिचा वास घेतला आणि डोळे मिटले. दुधाचा आंबूस वास होता. टँकरच्या सांध्यांत, तोटीत राहिलेलं दूध समुद्राच्या पाण्याबरोबर टाकीत आलं होतं, आणि त्यावर जिवाणू माजले होते. पुढं मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झाले, तिथं शिकलेलं सगळं घेऊन आज त्या टाकीपुढं उभी राहिले तरी दादांपेक्षा वेगळं काही सांगणार नाही. नव्या टाकीत असं होतं. माशांना खायला कमी घालायचं, हवा जास्त सोडायची आणि थांबायचं. बाहेरून काही टाकायचं नाही.

पण मोळी चार दिवसांवर आली होती. गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकली की कारखान्याचा हंगाम सुरू होतो. त्या वर्षी मोळी टाकायला मंत्री येणार होते आणि गेस्ट हाऊसवरच जेवणार होते. दादांचा डबा घेऊन मी गेले तेव्हा हॉलमध्ये चेअरमनसाहेब टाकीपुढं उभे होते.

"काय केमिस्ट, हे काय दाखवू मंत्र्यांना?"

"साहेब, आठ-पंधरा दिवसांत आपोआप निवळतं. पुस्तकात दिलेलं आहे."

"मग मंत्र्यांना पंधरा दिवसांनी बोलावू म्हणता?" आजूबाजूचे हसले. साहेब हसले नाहीत. "मोळीच्या दिवशी मला ह्यात मासे दिसले तर कायमची ऑर्डर त्याच दिवशी. न्हाई दिसले तर दुसऱ्या दिवशी क्वार्टरची किल्ली ऑफिसात आणून द्या."

दादा घरी आले आणि जेवले नाहीत. माय भिंतीला टेकून बसली. "पुन्हा गावाकडं जायाचं?" ती म्हणाली. "पुन्हा त्याच विहिरीवर?" दादा म्हणाले, "थांबावं लागतंय, दुसरा इलाज न्हाई." मी फळीकडं बघत होते. एका बाजूला घागर, तुरटी फिरवलेली, तळापर्यंत नितळ. शेजारी बरणी, पांढरी. दादांसारखा शिकलेला माणूस एवढी साधी गोष्ट कशी विसरला, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, थोडा त्यांचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना मी बरणीत तुरटीचा एक कण टाकून ढवळलं. तासाभरात पांढरं पुंजके होऊन खाली बसलं आणि वरचं पाणी काचेसारखं झालं. मला नाचावंसं वाटलं. बरणीला एवढी, तर टाकीला किती, याचा हिशेब मी दादांच्याच मुलीसारखा मांडला आणि तो आख्ख्या खड्याएवढा आला. दादांचा दाढीनंतर फिरवायचा तुरटीचा तुकडाही घेतला. सगळं पाट्यावर वाटलं आणि कागदाच्या पुडीत बांधून परकराच्या खिशात घातलं.

मोळीच्या आदल्या दुपारी मी डबा घेऊन गेस्ट हाऊसवर गेले. सोजरबाई एकटीच फरशी पुसत होती. "तुझे दादा बॉयलरकडं गेलेत गं," ती म्हणाली. "मी थांबते," मी म्हणाले. ती बादली बदलायला मागं गेली तशी मी खुर्चीवर चढून पुडी टाकीत उलटी केली. ती परत आली तेव्हा मी खुर्चीवरच होते.

"काय टाकलंस गं?"

"दादांनी सांगितलंय. औषध हाय."

"मंग हालीव की. समदं एकाच जागी बसलंय." मी बुटकी, माझा हात पोचेना. सोजरबाईनं फडकं खाली ठेवलं, बांगड्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत हात घालून ते पाणी ढवळलं, चांगलं सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. तिच्या हातांना फरशीच्या पावडरनं चिरा पडलेल्या. "लई झोंबतंय गं," ती म्हणाली, "पर तुझ्या बापाचं काम व्हायला पायजे. उगं न्हाई पाणी दिलं तुझ्या मायनं."

दिवेलागणीला दादा घरी आले ते पळतच. टाकी निवळली होती. त्यांनी आधी बरणीकडं पाहिलं, मग फळीवरच्या रिकाम्या जागेकडं, मग माझ्याकडं.

"किती टाकलीस, शालन?"

"सगळी."

ते खाली बसले. माय म्हणाली, "निवळलंय न्हवं? मंग कावून तोंड पाडलं?"

"मासे मरतील. कल्ल्यांत बसती ती. पोवळी तर गेलीच."

"कवा मरतील?"

"उद्या निभंल. परवा."

"मंग उद्याचं तर होऊ द्या," माय म्हणाली आणि चुलीकडं वळली. स्टोअरमध्ये अर्धं पिंप समुद्राचं पाणी शिल्लक होतं. त्यात मासे काढून ठेवले असते तर वाचले असते. पण मग टाकी रिकामी दिसली असती. दादांनी मला मारलं नाही. ते उठले, पाट्यावर राहिलेली पांढरी पूड त्यांनी ओल्या फडक्यानं पुसली, ते फडकंही धुतलं, आणि सकाळसाठी पांढरा शर्ट इस्त्रीला काढला.

मोळी झाली. मंत्र्यांनी काचेवर बोट आपटून केशरी पट्ट्याच्या माशाला बोलावलं आणि तो मासा आला. जरा वाकडा पोहत होता, पण ते दादा आणि मी सोडून कुणाला कळलं नाही. मंत्री म्हणाले, दुष्काळात समुद्र आणला तुम्ही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चेअरमनसाहेबांनी दादांच्या पाठीवर थाप मारली आणि ऑर्डर तिथंच हातात दिली. माय घरी पुरणपोळी करत होती. दोन पिंपांत धुतलेली वाळू, पांढरी, तळाशी छान दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासे आडवे झाले होते आणि समुद्रफूल गळून काचेला चिकटलं होतं. धाकटे साहेब रडत होते, एवढा मोठा माणूस. दगडांवर पांढरे पुंजके बसलेले होते, ते त्यांनी चमच्यानं खरवडून बशीत घेतले. दादांना बोलावलं, आणि दादांबरोबर मी गेले, कारण घरी बसवत नव्हतं. सोजरबाई दाराशी केरसुणी धरून उभी होती.

चेअरमनसाहेबांनी बशी पुढं केली. "हे काय आहे?"

दादांनी बोटावर घेऊन पाहिलं. "तुरटी."

"कुणी टाकली?"

दादांनी बोट रुमालाला पुसलं. मला वाटलं, माझं नाव घेतील. मग ते म्हणाले, "सफाईला बाई असते, साहेब. ह्या लोकांना गढूळ पाणी दिसलं की तुरटी फिरवायची सवय असते."

ह्या लोकांना. हे दोन शब्द दादांनी जन्मभर स्वतःबद्दल ऐकले होते, आणि ते कसे उच्चारायचे हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. अगदी तसेच उच्चारले.

सोजरबाईला आधी कळलंच नाही की बोलणं तिच्याबद्दल आहे. कळल्यावर ती पुढं आली. "म्या न्हाई टाकली सायब. माज्या घरात तुरटी फिरवाया पाणी तरी कुठंय? ह्या पोरीनं टाकली. बापानं सांगितलं म्हणली. म्या हात घालून हालीवलं, तेवढा गुन्हा हाय माजा. इचारा तिला."

"ती शाळेत होती," दादा म्हणाले.

चेअरमनसाहेब माझ्याकडं वळले. आवाज चांगला होता त्यांचा, मायेचा. "काय गं बाळ? आली होतीस का इथं परवा दुपारी?"

दादा माझ्याकडं बघत नव्हते, ते मेलेल्या माशांकडं बघत होते. सोजरबाई माझ्याकडं बघत होती आणि मान हलवत होती, सांग, सांग म्हणून.

"नाही," मी म्हणाले.

तिला त्याच वेळी काढून टाकलं. गेस्ट हाऊसच्या नळाच्या दोन घागरीही गेल्या. तिनं केरसुणी भिंतीला लावून ठेवली, बादली पालथी घातली आणि माझ्या अंगावरून निघून गेली. घरी आल्यावर दादा मायला म्हणाले, "सोजर आली तर पाणी द्यायाचं न्हाई. दिलं तर लोक इचारतील, कावून दिलं." त्या दिवशी मायनं घागर ओट्यावर ठेवली नाही. आत नेऊन ठेवली, दाराआड.

चौथ्या दिवशी सकाळी नळाशी मी एकटी होते. भिंतीच्या खिंडारातून सोजरबाई आली, कडेवर धाकटं, हातात रिकामी घागर. मी नळ बंद केला. ती ओट्यापासून चार पावलांवर थांबली आणि घागर खाली ठेवली नाही.

"पाणी मागाया न्हाई आले," ती म्हणाली. "नदीत झिरा खांदलाय. नुस्ता चिखूल हाय, पर पाणी हाय. ह्याला ढाळ लागलेत त्यानं." पोराची मान तिच्या खांद्यावर पडलेली होती. "तेवढी तुरटी दे पोरी. उगी लिंबाएवढी."

मी तिच्याकडं बघितलं नाही. नळाच्या तोटीला एक थेंब लोंबत होता, त्याकडं बघितलं.

"आमच्यात तुरटी न्हाई," मी म्हणाले.

त्या आठवड्यात मी तिच्याशी जे जे बोलले होते, त्यातलं तेवढं एकच खरं होतं.